कापूस घालायचा राहिला

दादा,

तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी मी तुझ्याबद्दल खोटं बोलले. नेमकं सांगायचं तर वहिनी जो गैरसमज करून बसली होती त्यावर मी मान डोलावली आणि वर स्वतःचं एक वाक्य टाकलं. ते वाक्य तुला सांगितल्याशिवाय पुढे काही लिहिता येणार नाही, म्हणून आधी तेच.

बोरीवलीच्या घरात दुपारची वेळ होती. भेटायला आलेली माणसं पांगली होती, तुझी मनाली रडून रडून आत झोपली होती. वहिनीनं तुझी कामाची बॅग उघडायला घेतली. जेवणाचा डबा निघाला, रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं, आणि आतल्या चेनच्या कप्प्यातून ती पिवळी नळी. बोटाएवढी, प्लॅस्टिकची, तोंडाकडे चपटी. वहिनीला अशा वस्तू ओळखू येतात. तुझ्या ई-सिगरेटी तिनं डायनिंग टेबलावर इतकी वर्षं पाहिल्या होत्या. ती नळी हातात धरून म्हणाली, "दीड वर्ष मला सांगत होते, आता आत काही नसतं, नुसती वाफ. दीड वर्ष, शुभा. मग हे काय आहे?"

मला माहीत होतं ते काय आहे. ती नळी मीच तुला आणून दिली होती.

मी म्हणाले, "जाऊ दे गं वहिनी. पुरुषांचं असंच असतं."

हेच ते वाक्य. वहिनीनं मान हलवली, नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुवायला गेली. मी तिथंच बसून राहिले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं.

तुझ्याबद्दल लिहायचं म्हणजे जन्म कुठला, मरोळच्या गाळ्यात टर्नर म्हणून किती वर्षं, हे सगळं तुझ्या लोकांनी कामाच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय, वर हारही घातलाय. ते मी परत लिहीत नाही. मला लिहायचंय त्या बिस्किटाच्या डब्याबद्दल, ज्यात तू तुझी धुराची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची इस्टेट ठेवायचास.

तू सिगरेट ओढायला लागलास तेव्हा आई म्हणायची, "गिरणेची चिमणी बंद पडली, माझ्या झिलाची चालूच आसा." बाबांची गिरणी बंद पडून थोडेच दिवस झाले होते, त्यामुळे त्यावर हसायचं की नाही हे आम्हाला कळायचं नाही. तूच आधी हसायचास. पुढे मनाली झाली, तुला पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, आणि गाळ्याच्या शेठचा पुतण्या दुबईहून ती पहिली ई-सिगरेट घेऊन आला. दिसायला हुबेहूब सिगरेट, टोकाला नारिंगी दिवा. तू ती दोन दिवस ओढलीस आणि तिसऱ्या दिवशी कापलीस. वस्तू वापरायची म्हणजे आधी तिचं पोट फाडून बघायचं, हा तुझा लहानपणापासूनचा खोडसाळपणा. आईचं घड्याळ, माझी चावीची बाहुली, कोणी सुटलं नाही.

आत निघालं काय, तर लिक्विडनं भिजलेला स्पंजासारखा बोळा आणि त्याच्या मधोमध एक बारीक तार. "एवढंच आहे गं," तू मला फोन करून सांगितलंस, "तार तापते, बोळा तिला लिक्विड पाजतो, वाफ होते. याला अ‍ॅटोमायझर म्हणतात. नाव मोठं, लक्षण खोटं." तुझी तक्रार अशी की आत किती उरलंय ते दिसत नाही आणि बोळा सुकला की तोंडात जळकी चिंधी आल्यासारखं होतं. मग तू पारदर्शक टाकीवाला आणलास. त्यात तार वर असायची आणि तिच्यापासून चार पांढरे दोरे खाली लिक्विडमध्ये लोंबायचे. वहिनी त्याला शेवयांचा म्हणायची. दोऱ्यांतून लिक्विड वर चढायला वेळ लागायचा, म्हणून तू दर चार झुरक्यांनी ती नळी उलटी करून हलवायचास, ताप बघायच्या आधी थर्मामीटर झटकतात तशी. चारचौघांत मला लाज वाटायची. त्यानंतरच्यात तार तळाशी आली, लिक्विड आपोआप तिच्यावर यायला लागलं, आणि तू म्हणालास, "हे मात्र कुणा शहाण्या माणसाचं काम." पण तार जळली की तो अख्खा भाग फेकून नवा घालायचा. फेकणं तुझ्या स्वभावात नव्हतं.

म्हणून तू स्वतःचा बनवलास. स्टेनलेसच्या उरलेल्या तुकड्यातून, जेवणाच्या सुट्टीत, लेथवर. सुपारीहून थोडा मोठा. आत दोन खांब, त्यांना बारीक स्क्रू, वर घट्ट बसणारं झाकण. त्यात टाकी नाहीच. तार आपण वळायची, कापूस आपण घालायचा, वरून चार थेंब सोडायचे, चार झुरके घ्यायचे, परत चार थेंब. मी म्हणाले, "दादा, याच्यापेक्षा हुक्का बरा." तू म्हणालास, "बघ तर खरी."

आणि मी बघत बसले, हे कबूल करते. रविवारी सकाळी तू टेबलावर पेपर पसरायचास. तीन मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर तार सहा वेढे वळायचास, एकाला एक चिकटून, आणि तिची दोन्ही टोकं स्क्रूखाली बसवून मीटरवर तपासायचास. मग कापसाशिवायच बटण दाबायचास. तार मधून लाल व्हायला लागायची आणि लाली दोन्हीकडे पसरायची. एखादा वेढा मागे राहिला तर चिमट्यानं त्याला हलकंच दाबायचास. "सगळे एकदम पेटले पाहिजेत," म्हणायचास. शेवटी कापूस. तो तू देवाच्या वातीसारखा वळायचास, तळहातावर, बोटाला किंचित थुंकी लावायचा मोह आवरून. शनिवारी आई आपल्या दोघांना वाती वळायला बसवायची ना, तुझ्या सरळ व्हायच्या आणि माझ्या पोटात फुगायच्या. "कापूस घट्ट बसला तर लिक्विड पोचत नाही, सैल बसला तर गळतं," तू सांगायचास. वहिनी ताटं घेऊन उभी असायची. "तुमची पूजा झाली असेल तर जेवायला वाढू का?"

माझं तुला माहीत होतं. मी ऑफिसातून बाहेर पडून सिगरेट ओढताना तू मला एकदा साकीनाक्याच्या गल्लीत पाहिलंस. मी तेव्हा पस्तिशीची, दोन मुलांची आई. मला वाटलं आता संपलं. तू जवळ आलास आणि म्हणालास, "वारा कुठून येतोय ते बघून उभी राहत जा. वास ओढणीला लागतो." एवढंच. घाटकोपरला माझ्या घरी नाही, आईकडे नाही, वहिनीकडेसुद्धा नाही, कुठे म्हणून बोलला नाहीस. आपल्या घरात भावानं ओढलं तर आई विनोद करते. बहिणीनं ओढलं असतं तर काय झालं असतं ते आपल्याला दोघांनाही माहीत होतं. माझं गुपित तू पंधरा वर्षं सांभाळलंस. ही गोष्ट चौथ्या दिवशी, वहिनीसमोर बसलेली असताना, मला आठवायला हवी होती.

मग ई-सिगरेटींवर बंदी आली. विकणं बंद, आणणं बंद. तुझ्याकडे बाटल्यांचा साठा होता, आणि तू तो पुरवायला घेतलास तो अशा पद्धतीनं की फक्त तुलाच सुचावं. बाटलीवर निकोटीन किती ते लिहिलेलं असायचं, अठरा. तू त्यात साधं ग्लिसरीन घालून पातळ करायचास आणि वर पांढरी पट्टी चिकटवायचास. अठराचे बारा झाले, बाराचे सहा, सहाचे तीन. एकेक पायरी उतरायला महिनेच्या महिने घेतलेस. घाई केली की पाय घसरतो म्हणायचास. तुला मोजायला यंत्र नव्हतं, पण घसा होता. जुन्या लिक्विडमध्ये निकोटीन जास्त असलं की घशाला खरवडतं, कमी असलं की मऊ लागतं. "माझा घसा मायक्रोमीटर आहे," तू फुशारकी मारायचास. ज्या दिवशी पट्टीवर शून्य लिहिलंस त्या दिवशी वहिनीनं केळं घालून शिरा केला, प्रसादाला करतात तसा. तू दोनदा घेतलास. नंतरही चहा झाला की तू नुसत्या ग्लिसरीनची वाफ सोडायचास. हाताला चाळा हवा म्हणून. पण आत काही नव्हतं. वहिनी म्हणते ते दीड वर्ष. ते खरं होतं, दादा. मला माहीत आहे.

तोवर मी नव्या जमान्यात गेले होते. आमच्या ऑफिसात एका मुलीकडे ती पिवळी नळी पाहिली, आंब्याच्या चवीची. भरायची नाही, वळायची नाही, धुवायची नाही. संपली की टाकायची. चोरून मिळायची, पण मिळायची. आपला वाद तिथून सुरू झाला. तू माझ्या नळीला टाकाऊ म्हणायचास, मी तुझ्या डब्याला पुराणवस्तू संग्रहालय. मी म्हणायचे, माझं किती सौम्य आहे बघ, घशाला कळतसुद्धा नाही. तू म्हणायचास, "ज्याला स्क्रू नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही." मला तुझा राग यायचा. तू लेथवर बनवलेल्या सुपारीएवढ्या वस्तूनं जे जमवलंस ते मला जमत नव्हतं, आणि वर तू त्याचा गाजावाजाही करत नव्हतास.

खंडेनवमीला मी दरवर्षी अर्धी सुट्टी टाकून मेट्रोनं मरोळला यायचे. गाळा धुतलेला, लेथला झेंडूची माळ, आणि लाल कपड्यावर सगळी हत्यारं ओळीनं: व्हर्नियर, मायक्रोमीटर, टॅप, पाने. त्यांच्या शेजारी तुझा स्टेनलेसचा अ‍ॅटोमायझर, कुंकू लावलेला. पहिल्या वर्षी शेठ हसले होते. तू गंभीरपणे म्हणाला होतास, "माझ्या हातानं केलाय, माझं व्यसन सोडवतोय. हत्यार नाही तर काय?" आणि पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा गाळ्याचा नियम तू त्यालाही लावायचास. वर्षातला तो एक दिवस तू कोरडा काढायचास. त्याला तू परीक्षा म्हणायचास. अठरावर होतास तेव्हाही तो दिवस काढलास, डोकं धरून, चिडचिड करत.

गेल्या नवमीला पेढे वाटून झाले, चहा आला. तुझा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. मी पाहिलं. परत गेला, परत आला. मला तुझी गंमत करायची लहर आली. मी पर्समधून पिवळी नळी काढली. "हे घे."

"आज नाही गं. नियम आहे."

"अरे पण नियम हत्याराला आहे ना? हे कुठे हत्यार आहे? तूच म्हणतोस याला स्क्रू नाही. तू बनवलं नाहीस, पुजलं नाहीस. याला कसला नियम?"

तू हसलास. "चुकून ऑफिसात गेलीस तू. कोर्टात जायला हवं होतंस."

"एक झुरका तरी घे. लहान मुलांचं आहे ते. वर पाच लिहिलंय, तुझं अठरा होतं."

तू घेतलीस. झुरका घेतलास आणि मान तिरकी करून घशाकडे लक्ष दिलंस, आवाज ऐकावा तसं. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "काहीच नाही गं यात," तू म्हणालास. "पाच कसलं, माझा घसा शून्य सांगतोय. आंब्याचं सरबत आहे."

"मग? मी काय सांगत होते?"

निघताना मी नळी मागितली तर म्हणालास, राहू दे आजच्या दिवस. आठवड्यानं तुझा फोन आला, "ते आंब्यावालं अजून मिळेल का?" आणि दादा, मला आनंद झाला. इतक्या वर्षांच्या वादात मी जिंकले होते. मी दोन आणल्या, एक तुला आणि एक मला, आणि मेट्रोत पर्स मांडीवर घेऊन अशी बसले होते, जसं काही भाऊबीजेची ओवाळणी उलटी घेऊन चाललेय. तसं मी तीन-साडेतीन महिने केलं.

संक्रांतीच्या सुमारास तुझा फोन आला तो दुपारी. मी ऑफिसच्या पँट्रीत होते. तू शेवटी ती नळी कापली होतीस. मला अजून आश्चर्य वाटतं की तू इतके दिवस थांबलास. आधी तू तिचं कौतुकच केलंस, तुझं ते तसंच. "आत तार नाहीच, शुभे. जाळी आहे. पत्र्याची, किसणीसारखी, पण इतकी बारीक की मला भिंग लावावं लागलं. कापूस चारी बाजूंनी बसवलाय. सगळीकडून एकदम तापते, एकदम निवते. काय काम केलंय." मग म्हणालास, "तू पाच म्हणालीस ना. ते पाच टक्के आहे. आपल्या बाटलीच्या मापात पन्नास होतात."

मला कळलंच नाही. मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे मी अठरानं सुरुवात केली होती आणि आता पन्नासवर आहे. यातलं निकोटीन वेगळ्या प्रकारचं आहे, घशाला खरवडतच नाही. माझा मायक्रोमीटर याच्यावर चालत नाही. आयुष्यभर मापं घेतली गं, आणि एकक विचारायचं विसरलो."

त्यात तू मला काहीच म्हणाला नव्हतास. चूक तू स्वतःकडे घेतली होतीस. पण मी पकडली गेले होते, आणि पकडलं गेलं की मी अंगावर जाते, हे तुला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे. "मग सोड ना," मी म्हणाले. "मी काय तुझ्या तोंडात कोंबलं होतं?"

तुझ्या मागे लेथ चालू होता. मग म्हणालास, "हिला उतरल्यावर सांगेन. तुझं नाव नाही घेणार. पण तूही उतर, शुभे. मी परत तार वळतो. दोघं मिळून उतरू."

"मला कुठे काय उतरायचंय," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर आपण दोनदा बोललो. एकदा मनालीच्या परीक्षेबद्दल आणि एकदा तिळाच्या लाडवांचा डबा परत करण्याबद्दल. मग एका मंगळवारी गाळ्यातून फोन आला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला कारण एक नसतं. जुनी सिगरेट, बाबांकडून आलेलं दुखणं, वय, धावपळ. ते बोटांवर मोजत होते आणि मी त्या बोटांमध्ये माझं नाव शोधत होते. ते नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. दादा, भाऊ आत पडलाय आणि बहिणीला बाहेर सुटल्यासारखं वाटतं. तुझ्या मरणात माझा वाटा किती, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते मी कुणाला विचारतही नाहीये. पण तू खोटारडा नव्हतास, एवढं मला त्या चौथ्या दिवशीही पक्कं ठाऊक होतं.

तेराव्यानंतर शेठनी तुझ्या खणातलं सामान माझ्या हातात दिलं, माझं ऑफिस जवळ म्हणून. बिस्किटाचा डबा होता. मी तो ऑफिसच्या पँट्रीत उघडला, जिथं तुझा तो फोन घेतला होता तिथंच. तू काही म्हणजे काही टाकलं नव्हतंस. नारिंगी दिव्याची पहिली, पोट फाडलेली. शेवयांची. तळाशी तारवाली. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत माझी पिवळी नळी, दोन भाग केलेली, जाळी वेगळी काढून. आणि तुझा स्टेनलेसचा, खाचेत जुनं कुंकू अडकलेलं. मी झाकण काढलं. आत नवी तार वळलेली होती, सहा वेढे, तापवून निळसर झालेली. कापूस घालायचा राहिला होता.

त्याच्या खाली कागदात गुंडाळलेलं आणखी काहीतरी होतं. मला वाटलं सुटे भाग असतील. तर दुसरा अ‍ॅटोमायझर. नवा कोरा, तुझ्यापेक्षा थोडा लहान, माझ्या बोटांच्या मापाचा. कुंकू नाही, एक ओरखडाही नाही. त्यातही तार वळलेली, त्यातही कापूस नाही. सोबत एक जुनी अर्धी बाटली आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जुडगे, तुझ्या अक्षरात, अठरा, बारा, सहा, तीन, शून्य. दोन्ही जुडगे सारखेच.

मी फोन आपटला होता आणि तू लेथवर जाऊन माझ्यासाठी वळत बसला होतास.

त्यानंतरही मी आठ दिवस काढले, दादा. हे तुला सांगायला हवं. डबा माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे. रोज ठरवायचे आज बोरीवलीला जाते. वहिनीला खरं सांगायचं म्हणजे स्वतःचंही सांगायचं. मग ते माझ्या घरी कळणार, आईला कळणार, मनालीला कळणार की आत्यानं काय केलं. मी दरवेळी हिशेब असा करायचे की तू तर गेलास, तुला आता काय फरक पडतो. इतकी नीच होते मी. आणि हे लिहितानाही मी दोनदा गॅलरीत जाऊन आलेय, कशासाठी ते तुला कळेल.

मधल्या काळात मी बोरीवलीला दोनदा गेले होते. तुझ्या फोटोपुढे दिवा मनाली लावायची. वहिनी त्या भिंतीकडे पाठ करून बसायची, टीव्ही बंद असला तरी टीव्हीकडे तोंड. मला वाटलं, तिला फोटोकडे बघवत नसेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

काल रविवारी गेले. मनाली क्लासला होती. डबा टेबलावर ठेवला, तू पेपर पसरायचास त्याच जागी. वहिनीनं तो ओळखला आणि तिचं तोंड कडू झालं. "हे कशाला आणलंस? मला नको ते."

मी सांगितलं. नवमीचं, पाचाचं, फोनचं, सगळं. मधे थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. तू तीन-साडेतीन महिने तिच्यापासून लपवलंस तेही सांगितलं आणि का लपवलंस तेही. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, डब्याकडे बघत होती.

मग म्हणाली, "म्हणजे मी शिरा केला त्या दिवशी खरंच शून्य होतं?"

"हो."

"आणि त्यानंतरचं दीड वर्ष?"

"सगळं खरं होतं, वहिनी. मी दिलं तोपर्यंत."

"तू म्हणालीस, पुरुषांचं असंच असतं."

"हो."

"मी ते धरून बसले होते, शुभा. रोज रात्री त्यांना विचारत होते, माझ्याशी खोटं का बोललात. दिवा नाही लावला मी अजून. एकदाही नाही."

मला रडायचा हक्क नव्हता, म्हणून मी रडले नाही. वहिनीनं डबा स्वतःकडे ओढला. एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली, तू मांडायचास तशी, मोठ्यापासून लहानापर्यंत. कागदातला नवा अ‍ॅटोमायझर तिनं उलटसुलट करून पाहिला.

"हे यांचं नाही."

"माझ्यासाठी केलं होतं."

तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि पट्ट्यांचा एक जुडगा ठेवला. "मग ने. बाकीचं इथेच राहील." मग म्हणाली, "आता तू जा. मला तुझ्याशी बोलता येणार नाही. पुढे येईल की नाही, आत्ता काही सांगू शकत नाही."

मी दारात चपला घालत होते. आत ती उठल्याचं कळलं, खुर्ची सरकली, मग काडी ओढल्याचा आवाज आला. पहिली विझली असावी, दुसरी ओढली. मी जिना उतरायला लागले तेव्हा ती तुझ्याशी बोलायला लागली होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला थांबलेही नाही. ते तुझं होतं.